एका शिवीचा हेवा

नववीच्या वार्षिक परीक्षेचे पेपर तपासायला बसले आहे आणि प्रत्येक पेपराच्या कोपऱ्यात माझं हिरवट बोट उमटतं आहे. काल रविवारी पिंपळवंडीला भावाच्या शेतात टोमॅटोच्या बांधणीला उभी राहिले होते. टोमॅटोच्या पाल्याचा डाग सहजासहजी निघत नाही. बोटं आधी पिवळी होतात, मग हिरवी, मग काळी, आणि साबण लावला की मोरीतलं पाणी दोन दिवस हिरवट वाहतं. वासही तसाच, उग्र आणि कच्चा. घरात सगळ्यांनी नाकं मुरडली. मला मात्र त्या वासानं गेल्या वर्षीची बांधणी जशीच्या तशी आठवते, आणि तिच्या मागोमाग तेव्हाचा मत्सर. वर्ष उलटलं, आता खरं सांगायला हरकत नाही. गेल्या चैत्रात मी माझ्या भावजयीवर जळत होते. साधंसुधं नाही, रात्रीचं जेवण गोड लागू नये इतकं.

समोरच्या पेपरात चौथा प्रश्न आहे: मानवी मेंदूची आकृती काढून भागांना नावे द्या. बावीस वर्षं मी हा धडा शिकवते आहे. प्रमस्तिष्क, अनुमस्तिष्क, मस्तिष्कपुच्छ. फळ्यावर मेंदू इतक्या वेळा काढला आहे की डोळे मिटूनही काढीन. घोडेगावात कुणाच्या डोक्याला मार लागला तर लोक मला विचारतात, बाई, हे कशानं होतं? मी सांगते. सांगायची मला सवय आहे, आणि ऐकून घ्यायची समोरच्याला.

गेल्या वर्षी माघात एका सकाळी चहा गाळताना आईच्या हातातून गाळणी पडली. ती उचलायला वाकली ती उठलीच नाही. भावानं नारायणगावला नेलं, तिथून पुण्याला. जीव वाचला. उजवा हात लुळा पडला, उजवा पाय ओढत चालायला लागली आणि बोलणं गेलं. समजत सगळं होतं. गाय कधी विणार, लाइट कधी येणार, कोण आलं, कोण गेलं, सगळं कळायचं. पण सांगायला तोंड उघडलं की नुसतं "त, त, त" यायचं आणि मग डोळ्यांतून पाणी. डॉक्टर म्हणाले, बोलतं ठेवा, वेळ लागेल. बोलण्याचे व्यायाम शिकायला पुण्याला आठवड्यातून दोनदा या, असंही म्हणाले. दोनदा जाऊन आलो. उन्हाळी टोमॅटो लागणीला आलेला, घरात माणसं मोजकी, दर आठवड्याचं पुणं कुणाला झेपणार होतं?

मग सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. घर मूळचं मेंढरांचं. लग्न झाल्यावर पहिली काही वर्षं आई मेंढरांमागं घाटघरच्या बाजूनं चालत कोकणात उतरायची आणि पावसाआधी तशीच चालत वर यायची. पुढं विहिरीला पाणी लागलं, मेंढरं गेली, चार शेळ्या राहिल्या. अशा घरातून मी बी.एड. झाले, घोडेगावच्या शाळेत लागले, आणि आई मला बाई म्हणायला लागली. आधी कौतुकानं, चार बायकांना ऐकू जावं म्हणून, मग सवयीनं. मी माहेरी गेले की खुर्ची पुसून द्यायची. माझ्यासमोर आवाज खाली. मला कधी रागं भरणं नाही, कामाला लावणं नाही. "बाईंचे हात खराब व्हतील," म्हणायची. मला तेव्हा ते आवडायचं. आई मानते म्हणून मी मनातून फुलायचे.

मी माझ्या परीनं केलंच. शाळेतल्या बालवाडीकडून चित्रांची कार्डं आणली. छत्री, सफरचंद, घड्याळ. आईसमोर खुर्ची टाकून बसले आणि एकेक कार्ड वर धरून विचारलं, सांग बघू, हे काय आहे? माझा आवाज वर्गातला होता, हे मला आज ऐकू येतं. आईनं कार्डाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि भिंतीकडं तोंड फिरवलं. आई शाळेची पायरी कधी चढली नव्हती. सत्तरीला, ओठ वाकडा झालेला असताना, पोटच्या पोरीनं तिची परीक्षा घ्यायला काढली होती. मी चार रविवार ती कार्डं नेली. चारही रविवार भिंत जिंकली.

कल्पना माझी भावजय. बारावीपर्यंत शिकलेली, आळेफाट्याकडची. दिवसभर शेतात आणि फोन सोबतीला. आई दवाखान्यात असताना तिला कुणीतरी मेंदूवरचा एक पॉडकास्ट दाखवला. एक डॉक्टरीणबाई मराठीत बोलते, झोप, स्मरण, राग, पक्षाघात, म्हातारपण, असं एकेका विषयावर. कल्पनाला त्याचा नादच लागला. बांधणीच्या वेळी ती फोन रिकाम्या घमेल्यात ठेवायची, त्यानं आवाज दुप्पट व्हायचा आणि सरीवरच्या सगळ्या बायकांना ऐकू जायचा. सकाळी साडेसात वाजता, पिंपळवंडीच्या शेतात, बांबूला तार आणि तारेला सुतळी बांधता बांधता दहा बायका हिप्पोकॅम्पस म्हणजे मेंदूचा आठवणी साठवणारा भाग, हे ऐकत असायच्या. त्यातली एक म्हणाली, आमच्या ह्यांचा तो भाग कोरडवाहू दिसतोय, सांगितलेलं काय उगवतच न्हाई. सगळ्या हसल्या. मीही हसले, पण आतून मला ते सोसत नव्हतं. ज्या मेंदूची नावं पाठ करायला माझी पोरं महिनाभर रडतात, तो इथं घमेल्यातून वाहत होता, आणि ऐकणारीला कुणी मार्क देणार नव्हतं.

मी चुका काढत बसले. कल्पना एखादा शब्द वेडावाकडा उच्चारायची, मी दुरुस्त करायचे. ती म्हणायची, "बरं आक्का," आणि पुढं सांगायला लागायची. म्हणे मेंदूतली एक वाट बुजली की तो दुसरी पाडतो, फक्त तिच्यावरून रोज चालावं लागतं. म्हणे लुळ्या हातालाच काम द्यायचं, त्याला आराम द्यायचा नाही. मला हे माहीत नव्हतं का? माहीत होतं. पण मी ते आईच्या बाबतीत कधी उच्चारलं नव्हतं, आणि ती उच्चारून मोकळी झाली होती.

तिनं आईला शेतात न्यायला सुरुवात केली. बांधाला आंब्याच्या सावलीत गोणपाट, त्यावर आई, मांडीवर सुतळीचा गुंडा. लुळ्या मुठीत सुतळीचं टोक द्यायचं आणि डाव्या हातानं आईनं वीतभर मापून विळीवर कापायचं. पहिल्या दिवशी पाच तुकडे झाले. मी भावाला फोनवर म्हणाले, आजारी माणसाला उन्हात बसवता, लाज वाटत नाही? भाऊ म्हणाला, आई स्वतःच चपला शोधते सकाळी. मी फोन ठेवला. मला तर ती चपला शोधताना दिसली नव्हती.

एका बुधवारी मधल्या सुट्टीत कल्पनाचा फोन आला. श्वास लागलेला.

"आक्का, आत्याबाई बोलल्या."

"काय बोलली?"

"मला भवाने म्हणल्या. चांगलं मोठ्यांदी. दोनदा."

शिक्षकांच्या खोलीत मी एकटीच होते. डबा उघडा होता. पोळीचा तुकडा हातात तसाच राहिला. आनंद झाला, नाही कशाला म्हणू? पण आनंदाच्या पाठीला पाठ लावून दुसरं काहीतरी आलं, आणि ते आनंदापेक्षा लवकर मोठं झालं. आईच्या तोंडातून निघालेला पहिला शब्द, आणि तो माझ्या भावजयीच्या नावचा. शिवी का असेना. मी डबा झाकला. पुढच्या तासाला मुलांवर उगाच ओरडले.

नंतर कळलं की ते आपोआप झालं नव्हतं. बांधणीत आईची एक शिस्त होती. सुतळीचा फास झाडाच्या खोडाला कधी घट्ट बसू द्यायचा नाही, करंगळी जाईल इतका सैल ठेवायचा, म्हणजे खोड जाड झालं तरी कापलं जात नाही. बावीस वर्षं आईनं कल्पनाला त्यावरून शिव्या घातल्या होत्या. डॉक्टरीणबाईनं एका भागात सांगितलं होतं की बोलणं गेलेल्या माणसाला नवं वाक्य जुळवता येत नाही, पण आयुष्यभर घासून घासून गुळगुळीत झालेलं तोंडातून सटकन निघू शकतं. आकडे, वार, देवाचं नाव, शिव्या. कल्पनानं ते ऐकलं आणि आईच्या अगदी समोरचं झाड धरून मुद्दाम करकचून गाठ मारली. मग दुसरं. तिसऱ्याला आईनं तोंड उघडलं.

त्यानंतर वरचेवर शब्द यायला लागले. सरीत शिरलेल्या शेळीला हाकलायचा जुना आवाज आला. मेंढरांमागं कोकणची वाट जिनं पायांनी केली होती, तिच्या गळ्यातला तो आवाज बांधाच्या पलीकडं गेला म्हणे. म्हणे, कारण हेही मी ऐकूनच. शेळीचासुद्धा नंबर माझ्या आधी लागला होता.

पुढच्या रविवारी मी बाकीच्या बायका यायच्या आधी शेतात गेले. साडी खोचली, आईसमोर उभी राहिले आणि एका झाडाला सुतळी आवळली. आईनं पाहिलं. मी आणखी आवळली. खोडाची साल फाटून हिरवा रस बोटांवर आला. मी दुसरं झाड घेतलं, त्याचा शेंडाच मोडला. आता तरी बोलेल म्हणून मी तिच्या तोंडाकडं पाहत राहिले. आईनं मला जवळ बोलावलं, मानेनं. माझा हात आपल्या डाव्या हातात घेतला, पदरानं बोटं पुसली आणि हसली. वाकड्या ओठांनी, अगदी समजुतीनं. लांबून आलेल्या पाहुण्याच्या हातून पेला फुटला की घरची बाई जशी हसते, तशी. बाजूला कल्पना उभी होती. तिनं सगळं पाहिलं आणि नजर खाली वळवली. त्या नजर वळवण्याचा मला जास्त राग आला.

दुपारी मी तो राग काढला. भावाला म्हणाले, मोबाइलवरच्या अर्धवट ज्ञानानं माणसं मरतात, हिचा फोन काढून घे. ती डॉक्टरीण कोण, कुठली, कुणी पाहिली आहे का? घरात बावीस वर्षं मेंदू शिकवणारी मुलगी असताना घमेल्यातली बाई शहाणी झाली का? बरंच बोलले. कल्पना भाकरी थापत होती, ती थांबली नाही, पण बोलली.

"आक्का, तुमाला आत्याबाईंनी कदी एक शिवी दिली न्हाई. मी नवी नवरी व्हते तवापासून खाते. मला त्या लई लागल्या व्हत्या, बरं का. रातरात झोप यायची न्हाई. तुमी सुट्टीला आल्या की तुमाला खुर्ची, आन मला भवानी. मला तुमचा लई राग यायचा. आता त्याच शिव्या कामाला आल्या तर येऊ द्या की."

तव्यावर भाकरी फुगली, तिनं ती उलटली. मी ज्याच्यासाठी जळत होते ते तिनं बावीस वर्षं गिळलं होतं, आणि ज्याच्यासाठी ती जळत होती ती खुर्ची आजही ओसरीत माझ्यासाठी मांडलेली होती. एवढं कळूनही माझा हेवा गेला नाही. मत्सराला कळण्याशी काही देणंघेणं नसतं. उलट तो शहाणा झाला आणि नेमक्या जागी बसला.

कारण त्या संध्याकाळी परत जाताना मी बोलणं गेलेल्यांवरचा तो भाग ऐकला. घोडेगावला पोचेपर्यंत, बसमध्ये, कानात घालून, चोरून. डॉक्टरीणबाईचा आवाज छान आहे, हे मला मान्य करावं लागलं. कुणाला शिकवते आहे असं वाटत नाही. जे रोज बोललं जातं ते खोल बसतं आणि शेवटपर्यंत टिकतं, ती सांगत होती. जे जपून, निवडून, विचार करून बोलतो, ते आधी जातं. खिडकीतून उसाची शेतं मागं जात होती आणि मी हिशेब मांडत होते. आई माझ्याशी जे बोलायची ते सगळं जपून, निवडून, विचार करून. बाईंशी बोलायचं बोलणं. ते पहिल्या सकाळीच गेलं असणार, गाळणीबरोबर. माझ्या नावचं घासून गुळगुळीत झालेलं तिच्यापाशी काय होतं? मी आठवत राहिले. मंचर आलं, गेलं. मला एकही शब्द आठवला नाही.

आज हे लिहिताना वाटतं, भीती तिथं सुरू झाली. आईला बोलता येईल की नाही याची नव्हे, ती आता बोलणारच होती. आईला माझ्याशी बोलता येईल का, याची. ती सगळ्यांशी बोलेल, कल्पनाशी, शेळीशी, दूधवाल्याशी, आणि माझ्याकडं बघून छान हसेल, आयुष्यभर.

परीक्षा संपल्या तशी मी आठ दिवस राहायला गेले. पिशवी भरून कपडे, एक जुनी साडी शेतासाठी. भावाला सांगितलं, खुर्ची आत ठेव. पहिले दोन दिवस मी आईच्या शेजारी गोणपाटावर बसून सुतळी कापली. कार्डं नाहीत, प्रश्न नाहीत. घमेल्यात डॉक्टरीणबाई झोपेबद्दल बोलत होती आणि सरीतल्या बायकांपैकी दोघी तिला उत्तरं देत होत्या. आई कल्पनाला दिवसातून तीन-चारदा भवानी म्हणायची. कल्पना "जी आत्याबाई" म्हणायची आणि हसायची. मी मान खाली घालून सुतळी मापत राहायचे. वीत, कापलं. वीत, कापलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी माझी सुतळी संपली. नवा गुंडा विहिरीजवळच्या मोटारीच्या खोलीत होता. मी उठले, साडी झटकली, ऊन म्हणून डोक्यावरून स्कार्फ बांधला आणि चपला पायात सरकवल्या. आईनं मान वर केली. ओठ हलले. मला वाटलं तिला पाणी हवं आहे. मी वाकले.

"पोचली की," आई म्हणाली आणि थांबली. मग एका दमात, "पोचली की फोन कर."

कल्पनाच्या हातातली सुतळी सुटली. तिनं सरीतूनच इतर बायकांना हाका मारल्या. आत्याबाई अख्खं वाक्य बोलल्या, अख्खं. ती रडतही होती. चार शब्द एकाला एक लागून, तेही न चुकता, इतके एका वेळी तोवर आले नव्हते.

आणि मी चपला घालून तिथं उभी. बसमध्ये इतकं आठवूनही हे मला आठवलं नव्हतं. बावीस वर्षं, दर रविवारी, निघताना आई मला रस्त्यापर्यंत सोडायला यायची आणि गाडी आली की हेच म्हणायची. मी दरवेळी "हो हो" म्हणायचे, चढता चढता, मागं न बघता. पोचल्यावर कधी करायचे, कधी विसरायचे. माझ्या नावचं गुळगुळीत झालेलं तिच्यापाशी हेच होतं. मी उठले, डोक्याला बांधलं, चपला घातल्या, म्हणजे मी निघाले. याखेरीज मी तिथं दुसरं काही केलंच नव्हतं.

मी सांगणार होते, आई, मी कुठं चालले नाही गं, आठ दिवस आहे. माझी दुरुस्त करायची सवय जिभेवर आली होती. कल्पनानं माझा दंड धरला आणि मान हलवली. "जावा आक्का," ती हळूच म्हणाली, "त्यांनी म्हणलंय तर जावा."

मी गेले. सरीच्या कडेनं, उन्हाचे चटके पायाला बसत होते तशी. मागं वळून पाहिलं तर आई माझ्याकडंच बघत होती, डावा हात जरासा वर. मोटारीच्या खोलीशी पोचले, भिंतीच्या पट्टीभर सावलीत उभी राहिले आणि कल्पनाला फोन लावला. तिकडं ती आईजवळ बसली, फोन तिच्या कानाला लावला. मला सगळं दिसत होतं.

"आई, पोचले गं."

बराच वेळ नुसता वारा ऐकू आला आणि बायकांची कुजबुज. मग तिचा आवाज, खरखरीत आणि अगदी जवळ.

"बरं. जेव आता."

आईपासून दीडशे पावलांवर उभी राहून मी म्हणाले, "हो, जेवते."